काँग्रेसमधले गट, १९४७ ते १९६९: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्वातंत्र्यानंतरची पहिली वीस वर्षं लोकसभेच्या निवडणुका होत राहिल्या आणि दिल्लीत दर वेळी काँग्रेसच येत राहिली. उलथापालथ झाली ती पक्षाच्या पोटात. मुख्यमंत्री पाडले गेले, प्रदेश समित्या हातातून गेल्या, एकदा तर रीतसर निवडून आलेल्या राष्ट्रीय अध्यक्षालाच वर्षभरात पद सोडावं लागलं. "तेव्हाचे लोक ध्येयवादी होते, गटबाजी नंतर आली" हे वाक्य आपल्याकडे इतक्यांदा ऐकू येतं, की त्या काळाबद्दलचे नेहमीचे प्रश्न एकदा सविस्तर घेतलेले बरे.

गटबाजी स्वातंत्र्यानंतर सुरू झाली का?

नाही. १९३७ साली मुंबई प्रांतात मंत्रिमंडळ बनताना के. एफ. नरिमन यांच्याऐवजी बाळासाहेब खेर यांना नेतेपद मिळालं आणि त्यावरून थेट वल्लभभाई पटेलांवर आरोप झाले. पुढच्याच वर्षी मध्य प्रांतात डॉ. ना. भा. खरे यांना मंत्रिमंडळाचं प्रमुखपद सोडावं लागलं. त्यामागे नागपूर-विदर्भाची मराठी मंडळी आणि महाकोशलचे रविशंकर शुक्ल, द्वारकाप्रसाद मिश्र यांच्यातली चुरस होती. १९३९ मध्ये त्रिपुरी अधिवेशनाआधी सुभाषबाबूंनी पट्टाभि सीतारामय्यांना सुमारे दोनशे मतांनी हरवलं, तरी तीन महिन्यांत त्यांनाच राजीनामा द्यावा लागला.

फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने. १९४७ पर्यंत भांडून मिळवण्यासारखं फार नव्हतं. तुरुंगवास सगळ्यांच्या वाट्याला सारखाच होता. नंतर मंत्रिपदं आली, परवाने आले, समित्या आल्या आणि पाच वर्षांनी एकदा उमेदवारीची यादी आली.

१९४८ मध्ये काँग्रेसने 'पक्षातल्या पक्षां'वर बंदी घातली होती ना? मग गट उरले कसे?

बंदीने जे गेले, ते वेगळ्या प्रकारचे गट होते. १९३४ पासून काँग्रेस समाजवादी पक्ष हा काँग्रेसच्या आतच रीतसर काम करत होता: त्याचे स्वतःचे सभासद, कार्यक्रम, अधिवेशनं. जयप्रकाश नारायण, आचार्य नरेंद्र देव, अच्युत पटवर्धन, एस. एम. जोशी, ना. ग. गोरे ही मंडळी त्यात होती, आणि त्याची कल्पना नाशिकच्या तुरुंगात आकाराला आली होती. १९४८ च्या सुरुवातीला काँग्रेसने घटना बदलून स्वतंत्र घटना आणि सभासदत्व असलेल्या अशा अंतर्गत पक्षांना मनाई केली. त्याच वर्षी मार्चमध्ये समाजवाद्यांनी बाहेर पडायचं ठरवलं, तेही नाशिकलाच.

या मंडळींची एक गोष्ट पुढच्या सगळ्या पक्षांतरांच्या शेजारी ठेवून पाहावी अशी आहे. उत्तर प्रदेशात नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काँग्रेस सोडताना आमदारकीही सोडली, कारण ती काँग्रेसच्या तिकिटावर मिळालेली होती. पोटनिवडणूक लढवली आणि खुद्द नरेंद्र देव फैजाबादला हरले.

म्हणजे ज्यांचा गट विचारावर उभा होता आणि जो उघडपणे गट म्हणून वावरत होता, तो गेला. ज्या गटांना ना नाव होतं, ना घटना, ना सभासदांची वही, त्यांच्यावर बंदी घालणार कशी? ते राहिले. माझ्या मते पुढच्या काळातली बरीचशी गटबाजी व्यक्तींभोवती फिरत राहिली, याचं एक मोठं कारण हेच आहे. विचारांच्या भांडणाला पक्षाने दार दाखवलं आणि माणसांच्या भांडणाला घर मोकळं ठेवलं.

टंडन प्रकरण नेमकं काय होतं?

ऑगस्ट १९५० मध्ये काँग्रेस अध्यक्षपदाची निवडणूक झाली. उमेदवार तीन: उत्तर प्रदेशचे पुरुषोत्तमदास टंडन, आचार्य कृपलानी आणि आपले शंकरराव देव. टंडनांना १३०६ मतं मिळाली, कृपलानींना १०९२, देवांना २०२. टंडन हिंदीचे कट्टर पुरस्कर्ते, निर्वासितांच्या प्रश्नावर आणि पाकिस्तानबाबत कडक भूमिका घेणारे. पटेलांचा पाठिंबा त्यांना होता हे उघड गुपित होतं. नेहरूंना ते नको होते आणि तसं त्यांनी पटेलांना कळवलंही होतं. म्हणजे पक्षाच्या प्रतिनिधींनी पंतप्रधानांची नापसंती ठाऊक असून दुसऱ्याला निवडलं.

सप्टेंबरात नाशिकला अधिवेशन भरलं. तिथे नेहरूंनी आपल्या धोरणांवर ठराव मंजूर करून घेतले, पण कार्यकारिणी टंडनांचीच राहिली आणि नेहरूंचे निकटवर्ती रफी अहमद किडवाई तिच्याबाहेर. १५ डिसेंबर १९५० ला मुंबईत पटेलांचं निधन झालं. तोल बदलला. कृपलानींनी आधी पक्षात लोकशाही आघाडी काढून पाहिली, मग १९५१ च्या मध्यावर बाहेर पडून किसान मजदूर प्रजा पक्ष स्थापन केला. किडवाई त्यांच्यासोबत गेले आणि थोड्याच दिवसांत परतही आले.

ऑगस्ट १९५१ मध्ये नेहरूंनी काँग्रेस कार्यकारिणीचा राजीनामा दिला. पहिली सार्वत्रिक निवडणूक अगदी तोंडावर होती. टंडनांना निवडून देणाऱ्यांनाही कळत होतं, की गावोगाव मतं मागायची तर नेहरूंच्याच नावाने मागायची आहेत. सप्टेंबरात टंडनांनी राजीनामा दिला आणि अखिल भारतीय समितीने नेहरूंना अध्यक्ष केलं. टंडन कडवटपणा न धरता नेहरूंच्या कार्यकारिणीत जाऊन बसले, हेही सांगायला हवं.

याआधी नोव्हेंबर १९४७ मध्ये कृपलानींनीच अध्यक्षपद सोडलं होतं, सरकार पक्षाला विचारत नाही म्हणून. दोन्ही घटना मिळून एक प्रश्न निकालात निघाला: पक्षाध्यक्ष मोठा की पंतप्रधान? तो निकाल अठरा वर्षं टिकला.

राज्यात गट प्रत्यक्षात चालायचा कसा?

सुरुवात चार आण्यांपासून. काँग्रेसचा प्राथमिक सभासद व्हायला वर्गणी चार आणे होती. संघटनेच्या निवडणुका जवळ आल्या की सभासदांची संख्या फुगायची, कारण वर्गणी भरणारा आणि सभासद होणारा हे वेगवेगळे लोक असायचे. पावतीपुस्तकं ज्याच्या हातात, त्याचे सभासद जास्त. त्यातून क्रियाशील सदस्य, मग तालुका, जिल्हा, प्रदेश. बोगस नोंदणीच्या तक्रारी, त्यांच्या चौकशीला दिल्लीहून येणारे निरीक्षक, निरीक्षकाचा अहवाल आणि त्या अहवालावर पुन्हा तक्रार. हे चक्र तेव्हाच पुरतं रुळलेलं होतं.

इतका खटाटोप कशासाठी? प्रदेश समिती ताब्यात असेल तर विधानसभेच्या उमेदवारांची यादी आपल्या हातून दिल्लीला जाते म्हणून. मुख्यमंत्र्याकडे सरकार असायचं: बदल्या, नेमणुका, परवाने. त्याच्या विरोधकांना तिथे वाव नसला की ते संघटनेकडे वळायचे आणि प्रदेशाध्यक्षपद धरायचे. त्यामुळे बहुतेक राज्यांत 'सरकार' आणि 'संघटना' अशी जोडी तयार झाली. आज संघटनेत असलेला गट उद्या सरकारात गेला की पराभूत गट संघटनेत यायचा.

उत्तर प्रदेशात संपूर्णानंद मुख्यमंत्री असताना चंद्रभानू गुप्तांनी हाच मार्ग धरला आणि १९६० मध्ये त्यांना घालवून स्वतः मुख्यमंत्री झाले. राजस्थानात १९५४ मध्ये मोहनलाल सुखाडियांनी जयनारायण व्यासांना थेट विधिमंडळ पक्षाच्या मतदानात हरवलं. सुखाडिया तेव्हा चाळिशीच्याही आत होते. मद्रासमध्ये राजाजी आणि कामराज, बिहारमध्ये श्रीकृष्ण सिंह आणि अनुग्रह नारायण सिंह, पंजाबात गोपीचंद भार्गव आणि भीमसेन सच्चर. यादी लांबवता येईल.

तिकीट न मिळालेले लोक काय करायचे, हा उपप्रश्न. काही अपक्ष उभे राहायचे. काही पक्षातच राहून अधिकृत उमेदवार पडेल एवढी काळजी घ्यायचे. दुसरा प्रकार जास्त धोकादायक, कारण त्याचा पुरावा राहत नाही.

हे गट विचारांवर होते, की जातीवर?

दिल्लीत काही प्रमाणात विचारांवर: जमीन सुधारणा, भाषा, खाजगी उद्योग, परराष्ट्र धोरण. राज्यात जात होती, जिल्हा होता, जुनं वैर होतं. पण कुठलाही मोठा गट एका जातीवर चालला नाही, कारण मुख्यमंत्री व्हायला एका जातीचे आमदार पुरत नसत. जिल्ह्यातल्या पुढाऱ्यासाठी हिशेब सोपा असायचा. आपला स्थानिक प्रतिस्पर्धी ज्या गटात, त्याच्या विरुद्ध गटात आपण. म्हणून वरचे दोन नेते एकत्र आले की खाली गोंधळ उडायचा. तालुक्यातल्या वैऱ्यांना अचानक एका व्यासपीठावर बसावं लागायचं आणि त्यातला एक जण थोड्याच दिवसांत नवा गट शोधायचा.

एक मर्यादाही नोंदवावी. हे गट प्रामुख्याने जमीन आणि पत असलेल्या जातींचे होते. शेतमजूर, दलित, आदिवासी यांची मतं गटांना लागत; गटाचं नेतृत्व त्यांच्याकडे क्वचितच आलं.

महाराष्ट्रात चित्र कसं होतं?

आधी रचना पाहू. १९२० पासून काँग्रेसच्या प्रदेश समित्या भाषावार होत्या, पण मुंबई शहराची समिती महाराष्ट्रापासून वेगळी. ती दीर्घकाळ स. का. पाटलांच्या मुठीत होती, आणि उद्योगपतींकडून निधी उभा करण्याचं त्यांचं कसब साऱ्या पक्षाला ठाऊक होतं. संयुक्त महाराष्ट्राच्या वेळी मुंबईची काँग्रेस आणि महाराष्ट्राची काँग्रेस दोन तोंडांनी बोलत होत्या, त्याचं मूळ या रचनेतही आहे.

महाराष्ट्र प्रदेश समितीत शंकरराव देवांच्या गांधीवादी, मुख्यतः शहरी नेतृत्वाविरुद्ध ग्रामीण बहुजन कार्यकर्त्यांची नाराजी होती. केशवराव जेधे, शंकरराव मोरे यांनी १९४७ मध्ये शेतकरी कामगार पक्षाची मांडणी काँग्रेसच्या आतला गट म्हणूनच केली. पक्षातल्या पक्षांना मनाई झाल्यावर १९४८ मध्ये ते बाहेर पडले. जेधे १९५४ मध्ये काँग्रेसमध्ये परतले. शेकाप राहिला, पण त्याच्यामागच्या वर्गाचा बराच भाग हळूहळू काँग्रेसने परत मिळवला.

तो मिळवण्याचं श्रेय बहुतांशी यशवंतराव चव्हाणांचं, आणि त्यांचा उदयही गटांच्या गणितातूनच झाला. १९५६ मध्ये गुजराती आणि मराठी प्रदेशांचं मिळून द्वैभाषिक मुंबई राज्य ठरलं तेव्हा मोरारजी देसाईंना नेतेपद हवं होतं, पण बिनविरोध. भाऊसाहेब हिरे आव्हान द्यायला उभे राहिले. मोरारजींनी माघार घेतली आणि लढत हिरे आणि चव्हाण अशी झाली. चव्हाणांना ३३३ मतं पडली, हिऱ्यांना १११. गुजरातचे आमदार आणि मारोतराव कन्नमवारांच्या मागची विदर्भाची मंडळी चव्हाणांकडे होती. आधीपासून मुरलेला, ज्येष्ठ नेता म्हणजे हिरे; पण मराठी जनमत मोरारजींवर खवळलेलं असताना त्यांना आव्हान देणाऱ्या हिऱ्यांऐवजी गुजरातची मतं चव्हाणांकडे जाणं अगदी स्वाभाविक होतं.

मुख्यमंत्री झाल्यावर चव्हाणांनी केलेली गोष्ट गटबाजीच्या अभ्यासात महत्त्वाची आहे. त्यांनी गट मोडण्यापेक्षा जागा वाढवल्या. १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आल्या. सोबत सहकारी साखर कारखाने, जिल्हा मध्यवर्ती बँका, खरेदी-विक्री संघ होतेच. एकाला आमदारकी मिळाली तर दुसऱ्याला जिल्हा परिषदेचं अध्यक्षपद, तिसऱ्याला कारखान्याचं चेअरमनपद. जिल्ह्यात तीन-चार सत्तास्थानं असल्यावर हरलेल्या गटाला पक्ष सोडण्याची घाई राहत नाही. विदर्भाचे कन्नमवार १९६२ मध्ये आणि वसंतराव नाईक १९६३ मध्ये मुख्यमंत्री झाले, त्यातही प्रादेशिक गटांना सांभाळण्याचा भाग होता. १९६७ मध्ये उत्तर भारतात काँग्रेसची सरकारं पत्त्यासारखी कोसळली तेव्हा महाराष्ट्रात ती टिकली, ती योगायोगाने नव्हे. या व्यवस्थेचा खर्च सहकारी संस्थांनी पुढे किती काळ भरला, हा मात्र वेगळ्या लेखाचा विषय.

विरोधी पक्ष दुबळे असताना लोकशाही टिकली ती गटांमुळे, असं म्हणतात. खरं आहे का?

अर्धं खरं. राजकीय अभ्यासक रजनी कोठारी यांनी १९६४ मध्ये 'काँग्रेस व्यवस्था' ही मांडणी केली. तिचा गाभा असा: विरोधी पक्ष सत्तेत येऊ शकत नसले तरी ते काँग्रेसमधल्या एखाद्या गटाशी सूत जुळवून आपला मुद्दा आत पोचवतात, पर्यायी नेतृत्व काँग्रेसच्या आतच तयार असतं. हे प्रत्यक्षात घडत होतं. संयुक्त महाराष्ट्राची मागणी समितीने रस्त्यावर लढवली, पण दिल्लीचं मन वळवताना काँग्रेसमधल्या मराठी नेत्यांची अडचणच कामी आली. १९५७ मध्ये पश्चिम महाराष्ट्रात त्यांची जी धूळधाण झाली, तीच दाखवून ते वर बोलू शकले.

माझा आक्षेप असा, की या वाटेने फक्त ज्यांची आत ओळख आहे त्यांचाच आवाज जातो. शिवाय मतदाराला या गटांमधून निवड करता येत नाही. मुख्यमंत्री बदलतो, पण तो कोणाच्या मताने बदलला हे विचारायची सोय नसते.

पक्ष सोडून जाणं जास्त सोपं नव्हतं का?

निवडणूक पद्धत आड यायची. १९५२ मध्ये काँग्रेसला सुमारे ४५ टक्के मतं आणि ४८९ पैकी ३६४ जागा मिळाल्या. समाजवादी पक्षाला दहा टक्क्यांहून थोडी जास्त मतं मिळाली आणि जागा १२. कृपलानींच्या पक्षाला नऊ. हे आकडे पाहिल्यावर दुखावलेल्या पुढाऱ्याने आत राहून पुढच्या संधीची वाट पाहणं जास्त शहाणपणाचं होतं. किमान १९६७ पर्यंत.

दिल्लीतले श्रेष्ठी हे गट मोडून का काढत नव्हते?

कारण त्यांची स्वतःची गरज गटांमुळे होती. राज्यात दोन गट तुल्यबळ असले की दोघेही दिल्लीकडे धाव घेणार, आणि निवाडा दिल्ली देणार. नेहरूंच्या काळात केंद्रीय नेतृत्व बहुतेक वेळा पंचाच्या भूमिकेत राहिलं: निरीक्षक पाठवायचा, समेट घडवायचा, अगदीच जमलं नाही तर एकाला केंद्रात बोलवून घ्यायचं. या पंचाला अधिकार कुठून आला? नेहरूंना राज्यातल्या कोणत्याही गटाच्या मतांची गरज नव्हती, म्हणून. त्यांची मतं थेट जनतेत होती. ही अट ध्यानात ठेवा. पुढे १९६९ पर्यंतचं सगळं तिच्यावर फिरतं.

कामराज योजना गटबाजी संपवण्यासाठी होती का?

मद्रासचे मुख्यमंत्री कामराज यांनी सुचवलेल्या या योजनेचा जाहीर हेतू तसाच होता: ज्येष्ठांनी सत्तेची पदं सोडावीत आणि संघटनेचं काम करावं. १९६२ च्या चीन युद्धानंतर पक्षाची नाचक्की झाली होती, काही पोटनिवडणुका हातच्या गेल्या होत्या. ऑगस्ट १९६३ मध्ये सहा केंद्रीय मंत्री आणि सहा मुख्यमंत्र्यांचे राजीनामे स्वीकारले गेले. मंत्र्यांत मोरारजी देसाई, लालबहादूर शास्त्री, जगजीवनराम, स. का. पाटील, मुख्यमंत्र्यांत स्वतः कामराज, बिजू पटनाईक, चंद्रभानू गुप्ता.

मोरारजींना हा आपला काटा काढण्याचा डाव वाटला, आणि शास्त्री काही महिन्यांत मंत्रिमंडळात परतले हे पाहता त्यांची शंका अगदीच निराधार म्हणता येत नाही. राज्यांत तर गट उलट पेटले, कारण प्रत्येक रिकाम्या खुर्चीसाठी नवी लढत. उत्तर प्रदेशात गुप्तांच्या गटाच्या बळावर सुचेता कृपलानी मुख्यमंत्री झाल्या, देशातल्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. त्याच ऑगस्टमध्ये त्यांचे पती आचार्य कृपलानी लोकसभेत नेहरू सरकारवर पहिला अविश्वास ठराव मांडत होते. काँग्रेसच्या आतबाहेरची रेघ किती पातळ होती, याला याहून चांगलं उदाहरण मला सुचत नाही.

'सिंडिकेट' म्हणजे कोण?

कामराज, बंगालचे अतुल्य घोष, मुंबईचे स. का. पाटील, म्हैसूरचे निजलिंगप्पा आणि आंध्रचे संजीव रेड्डी. यांतल्या प्रत्येकाचं आपापल्या राज्यातल्या संघटनेवर वजन होतं आणि हिंदी पट्ट्यातला त्यांत कोणी नव्हता. १९६४ मध्ये नेहरूंनंतर शास्त्री आणि जानेवारी १९६६ मध्ये शास्त्रींनंतर इंदिरा गांधी, या दोन्ही निवडींत त्यांनी मोरारजींना रोखलं. दुसऱ्या वेळी रीतसर मतदान झालं: इंदिरा गांधी ३५५, मोरारजी १६९.

त्यांचा अंदाज असा, की इंदिराबाई सांगितलेलं ऐकतील.

१९६७ मध्ये नेमकं काय बिघडलं?

लोकसभेत काँग्रेस ५२० पैकी २८३ जागांवर आली आणि आठ राज्यांत बहुमत गमावलं. खुद्द कामराज विरुधुनगरला एका विद्यार्थी नेत्याकडून हरले, स. का. पाटील दक्षिण मुंबईत जॉर्ज फर्नांडिसांकडून, अतुल्य घोष बंगालमध्ये. दुसऱ्यांची तिकिटं ठरवणाऱ्यांना स्वतःच्या जागा राखता आल्या नाहीत.

गटांच्या दृष्टीने त्याहून मोठी गोष्ट म्हणजे बहुमत काठावर आलं. शंभर जागांचं आधिक्य असताना वीस आमदारांचा नाराज गट फक्त तक्रार करू शकतो. पाच जागांचं आधिक्य असेल तर तोच गट सरकार पाडतो, आणि समोर विरोधकांची आघाडी, म्हणजे संयुक्त विधायक दल, त्याच्या नेत्याला मुख्यमंत्री करायला तयार असतं. उत्तर प्रदेशात चंद्रभानू गुप्तांचं सरकार तीन आठवडेही टिकलं नाही. चरणसिंग आपले समर्थक घेऊन बाहेर पडले आणि मुख्यमंत्री झाले. हरियाणात राव बिरेंद्रसिंह आणि मध्य प्रदेशात गोविंदनारायण सिंह यांनी तेच केलं. बंगालमध्ये अजय मुखर्जी आधीच बांगला काँग्रेस काढून बसले होते. हरियाणाचे आमदार गयालाल पंधरवड्यात तीनदा इकडून तिकडे गेले. 'आयाराम गयाराम' त्यांचीच देणगी.

तेव्हा पक्षांतरबंदी कायदा नव्हता का?

नव्हता, तो १९८५ मध्ये बावन्नाव्या घटनादुरुस्तीने आला. पण विचार तेव्हाच सुरू झाला. गृहमंत्री यशवंतराव चव्हाणांच्या अध्यक्षतेखाली पक्षांतरावर समिती नेमली गेली आणि १९६९ मध्ये तिचा अहवाल आला. पक्षांतर केलेल्या ज्या २१० आमदारांचा तिने दाखला दिला, त्यांपैकी ११६ जणांना नव्या सरकारात मंत्रिपद मिळालं होतं.

१९६९ ची फूट विचारांची होती, की खुर्चीची?

दोन्ही बाजूंनी ती विचारांची असल्याचं सांगितलं. घटनाक्रम वाचला की खुर्ची आधी दिसते, विचार तिच्या मदतीला आलेला दिसतो.

१९६७ मध्ये तडजोड म्हणून मोरारजी उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री झाले होते. ३ मे १९६९ ला राष्ट्रपती झाकीर हुसेन यांचं निधन झालं. जुलैत बंगलोरच्या बैठकीत पक्षाच्या संसदीय मंडळाने इंदिरा गांधींच्या मनाविरुद्ध संजीव रेड्डींना राष्ट्रपतिपदाचा उमेदवार ठरवलं. त्रिशंकू लोकसभेच्या शक्यतेच्या काळात राष्ट्रपती कोणाचा, याला अर्थ होता. १६ जुलैला मोरारजींकडून अर्थ खातं काढलं गेलं, १९ जुलैला चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं. तीन दिवसांत एक सत्तासंघर्ष गरीब विरुद्ध धनिक अशा भाषेत मांडला गेला, आणि लोकांना ती भाषा पटली. मग 'सद्सद्विवेकबुद्धीला स्मरून' मत देण्याची हाक आली आणि २० ऑगस्टला व्ही. व्ही. गिरी दुसऱ्या पसंतीच्या मतांवर जेमतेम निवडून आले. पंतप्रधानांनी आपल्याच पक्षाचा अधिकृत उमेदवार पाडला होता.

चव्हाणांची तारांबळ इथे लक्षात राहते. बंगलोरला त्यांनी रेड्डींच्या बाजूने मत दिलं, फुटीच्या वेळी इंदिरा गांधींबरोबर गेले. त्यांच्या टीकाकारांना पुढे आयुष्यभर पुरेल एवढा दारूगोळा मिळाला, पण महाराष्ट्राची काँग्रेस मोठ्या तुकड्यात न फुटता एका बाजूला राहिली, त्यात या निर्णयाचा वाटा होता.

१२ नोव्हेंबर १९६९ ला पक्षाध्यक्ष निजलिंगप्पांच्या कार्यकारिणीने पंतप्रधानांनाच पक्षातून काढलं. लोकसभेतले सुमारे २२० खासदार त्यांच्यासोबत राहिले. बहुमत गेलं, कम्युनिस्ट आणि द्रमुकच्या पाठिंब्याने सरकार चाललं. १९७१ मध्ये इंदिरा गांधींच्या सत्ताधारी काँग्रेसला ३५२ जागा मिळाल्या, निजलिंगप्पांच्या बाजूच्या संघटना काँग्रेसला १६.

नेहरूंच्या काळातली पंचाची अट इथे मोडली. इंदिरा गांधींना १९६६ मध्ये पद गटांच्या मतांवर मिळालं होतं, त्यामुळे निवाडा देण्याआधी त्यांना स्वतःच लढावं लागलं. जिंकल्यावर मात्र त्यांनी त्या जुन्या भूमिकेत परत जायचं नाकारलं.

बैलजोडी कोणाला मिळाली?

बैलजोडी हे काँग्रेसचं निवडणूक चिन्ह. १९७१ ची निवडणूक दोघांनीही तिच्याविना लढवली. जानेवारी १९७१ मध्ये निवडणूक आयोगाने जगजीवनराम अध्यक्ष असलेल्या, म्हणजे इंदिरा गांधींच्या काँग्रेसच्या बाजूने निर्णय दिला, पण सर्वोच्च न्यायालयाच्या स्थगितीमुळे चिन्ह गोठलं. इंदिरा काँग्रेसने गाय-वासरू घेतलं, संघटना काँग्रेसने चरखा चालवणारी स्त्री. नोव्हेंबर १९७१ मध्ये सादिक अली खटल्याचा निकाल लागला आणि आयोगाची बहुमताची कसोटी न्यायालयाने उचलून धरली. शिवसेना आणि राष्ट्रवादी काँग्रेसच्या फुटीनंतर आयोगाच्या निकालांत ज्या खटल्याचं नाव येत होतं, तो हाच.

असं फक्त भारतातच घडलं का?

नाही. जपानच्या लिबरल डेमोक्रॅटिक पक्षात १९५५ पासून गट उघडपणे, स्वतःच्या निधीसह चालले. १९९४ पर्यंत तिथे एका मतदारसंघातून अनेक खासदार निवडले जात, त्यामुळे एकाच पक्षाचे उमेदवार एकमेकांविरुद्ध लढत आणि प्रत्येकाला गटाचा आधार लागे. दक्षिण आफ्रिकेत आफ्रिकन नॅशनल काँग्रेसच्या डिसेंबर २००७ मधल्या पोलोक्वाने अधिवेशनात जेकब झुमांनी थाबो म्बेकींना २३२९ विरुद्ध १५०५ मतांनी हरवलं आणि पुढच्या सप्टेंबरात म्बेकींना राष्ट्राध्यक्षपद सोडावं लागलं. म्बेकींचे काही समर्थक बाहेर पडून नवा पक्ष काढून बसले. कृपलानींचं १९५२ मध्ये जे झालं, साधारण तेच त्या पक्षाचं झालं.

१९६९ नंतर काँग्रेसमधली गटबाजी संपली का?

संपली नाही, तिचं स्वरूप बदललं. आधी गटाची ताकद खालून मोजली जायची: किती सभासद, किती जिल्हे, किती आमदार. आता ती दिल्लीतल्या वजनावर मोजली जाऊ लागली. राजस्थानचे सुखाडिया सतरा वर्षं मुख्यमंत्री होते. १९७१ मध्ये त्यांना जावं लागलं, आणि त्याच काळात आंध्रचे ब्रह्मानंद रेड्डीही गेले. मुख्यमंत्री विधिमंडळ पक्षाने निवडण्याऐवजी 'निवडीचे अधिकार श्रेष्ठींना देण्याचा' एका ओळीचा ठराव रूढ झाला. अशा नेत्याला आपल्या राज्यात विरोधी गट नको असतो आणि श्रेष्ठींना तो हवाच असतो, त्यामुळे असंतुष्टांची दिल्लीवारी थांबायचं काही कारण उरलं नाही.

चार आण्यांच्या पावत्यांचं महत्त्व मात्र गेलं. १९७२ नंतर संघटनेच्या निवडणुकाच झाल्या नाहीत. प्रदेशाध्यक्षापासून जिल्हाध्यक्षापर्यंत नेमणुका वरून होत राहिल्या. पुढच्या निवडणुका थेट १९९२ मध्ये, नरसिंह राव अध्यक्ष असताना झाल्या, आणि तिरुपतीच्या अधिवेशनात कार्यकारिणीसाठी पुन्हा मतदान झालं.